ते पान मीच फाडलं, आक्का

प्रिय आक्का,

तू गेलीस त्याला आता आठ महिने होतील. तू होतीस तेव्हाही मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. महिन्यातून एक फोन, त्यात "बरा आहे, जेवलो, आईला दे" एवढंच. आज लिहितोय, कारण काल शुक्रवारच्या सुट्टीत मला एक गोष्ट कळली आणि तेव्हापासून बूड टेकत नाही. कोणाला सांगू? जिला सांगायला पाहिजे ती तूच.

सरळ सांगतो. तुझ्या कादंबरीचं शेवटचं पान मी फाडलं. दुसरं कोणी नाही. मीच.

तुझी कादंबरी छापून आली ते दिवस आठवतात का गं? बालवाडीच्या बाईने पुस्तक लिहिलं म्हणून हातखंब्याच्या टपरीवरसुद्धा लोक मला थांबवून विचारायचे, "कसली रे गोष्ट आहे?" मी सांगायचो, "भुताची." आणि तू चिडायचीस! "भुताची नाही दिन्या, प्रेमाची आहे. भूत फक्त त्यात आहे."

मला तू तोंडीच सगळी सांगितली होतीस, मी सहावीतून शाळा सोडलेला म्हणून. मुंबईत मालती नावाची मुलगी एसटीडी बूथ चालवते. दुपारी गिऱ्हाईक नसतं, शटर अर्धं खाली असतं, तेव्हा त्या शहरातली मेलेली माणसं घरी फोन लावायला येतात. बंद पडलेल्या गिरण्यांत राहणारी, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्यांमागे राहणारी. त्यात मोहन नावाचा एक लाईनमन, खांबावरून पडून गेलेला. त्याला फोन लावायला घरचं कोणीच नसतं. मग तो नुसता मालतीशी बोलत बसतो.

आई म्हणाली होती, "भूत कशाला घातलंस गो? बँकेतला एखादा पोरगा घालायचा होता."

तू काय म्हणालीस ते अजून कानात आहे. "आई, मेलेल्या माणसाची जात विचारत नाहीत, पत्रिका मागत नाहीत. त्याच्यावर प्रेम केलं तर कोणाचं काय जातं?" आई उठून चुलीकडे गेली. तुला बघायला आलेली तीन स्थळं पत्रिकेवरूनच मोडली, ते तिला माहीत होतं ना.

रत्नागिरीच्या त्या वाचनालयात तू एक प्रत दिलीस. तिथली पद्धत तूच मला दाखवली होतीस. पुस्तक वाचून झालं की लोक मागच्या कोऱ्या पानावर आपलं मत लिहितात. पुस्तकं देणारे काका वरवर ओरडतात, पण खोडत नाहीत. दर शनिवारी बालवाडी सुटली की तू एसटी पकडून जायचीस आणि स्वतःचंच पुस्तक मागायचीस. काका हसायचे, "काय गो, तुझंच पुस्तक तुला पाठ नाय?"

तू घरी येऊन आम्हाला वाचून दाखवायचीस. "छान." "भूत खोटं, प्रेम खरं." "लेखिकेने शेवट नीट करावा, पैसे देऊन वाचतो आम्ही." एकाने तर लिहिलं होतं, "मोहन मेल्यावर इतका चांगला वागतो, आमचे जिवंतपणी का वागत नाहीत?" त्यावर तू इतकी हसलीस की चहा सांडलास. खाली कोणीतरी उत्तर पण लिहिलं होतं, "वहिनी, नवऱ्याला वाचायला द्या." त्या दिवसांत तू किती वेगळी दिसायचीस आक्का! जेवता जेवता उठून दुसऱ्या कादंबरीच्या वहीत काहीतरी लिहून यायचीस.

मी शारजाहून पहिल्या सुट्टीवर आलो होतो तो शनिवार. बालवाडीची तपासणी होती म्हणून तू मला पाठवलंस. "माझं पुस्तक घेऊन ये. उघडू नको हां, मला आधी बघायचंय." मी ऐकणारा होतो का? स्टँडवर बसलो आणि मागून उघडलं.

पानाच्या तळाला कोणीतरी लाल पेनाने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. मोठं अक्षर मला वाचता येतं. "लग्न जमत नाही त्या बाईला भूतच मिळणार."

माझं डोकंच फिरलं. पुढचामागचा विचार न करता पान टरकन ओढलं, घडी करून खिशात घातलं. ठरवलं होतं की अक्षर जुळवत जुळवत तो माणूस शोधायचा आणि भर बाजारात त्याच्या कानाखाली काढायची. तू ते वाचू नयेस एवढंच मला कळत होतं. पानाच्या मागे पेन्सिलने बारीक काहीतरी होतं. पण ते पुसट गिचमिड, मला कुठे लागणार? बघितलं पण नाही.

घरी आलो. तू हात पुसून पुस्तक घेतलंस, मागून उघडलंस. फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलंस.

"पान कुठाय रे?"

"मला काय माहीत? असंच दिलं काकांनी."

किती पटकन खोटं बोललो! आणि तू मला ओरडली का नाहीस? खिसे का नाही तपासलेस? लहानपणी कैऱ्या चोरल्या तर वासावरून ओळखायचीस. त्या दिवशी फक्त म्हणालीस, "कोणाला इतका राग आला असेल रे माझा?"

तेव्हाच खिशातून काढून द्यायला पाहिजे होतं. लाल अक्षर वाचून तू रडली असतीस, दोन दिवस जेवली नसतीस, पण मग हसली असतीस. तुला मी ओळखत होतो. पण मी मोठा शहाणा, तुला वाचवत होतो.

पुढच्या शनिवारी तू गेली नाहीस. त्याच्या पुढच्याही नाही. दुसऱ्या कादंबरीच्या वहीत मागच्या बाजूने बालवाडीच्या पोरांची हजेरी लिहायला लागलीस. मी विचारलं तर म्हणालीस, "वही कोरीच पडली होती." कोरी कुठे होती? अर्धी भरलेली होती. मला दिसत होतं, तरी मी बोललो नाही. सुट्टी संपली आणि ते पान पासपोर्टच्या कव्हरात तसंच घेऊन इकडे शारजाला आलो. त्या माणसाला मारायचं राहूनच गेलं.

मग तुझी कावीळ. तीन आठवडे अंथरुणाला होतीस आणि फोनवर मला सांगायचीस, "जरा ताप आहे." हे काय बरं केलंस? मी काय इतका परका होतो? मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. कंपनीने सोडलं असतं तरी तू थोडीच भेटणार होतीस?

आता कालचं सांगतो. आमच्या खोलीत चिपळूणचे सलीमभाई आहेत, एसीच्या डक्टच्या कामात माझे उस्ताद. वाचायला मिळालं तर सिमेंटची पिशवीसुद्धा वाचतील. म्हणतात, "आमच्या घरात पुस्तकं टिकत नाहीत, दर पावसाळ्यात वाशिष्ठी नदी येऊन वाचून जाते." व्हिसाचं काम म्हणून काल मी पासपोर्ट काढला आणि घडी खाली पडली. त्यांनी उचलली. पुढची मतं वाचून हसले, लाल अक्षर वाचून एक शिवी घातली, मग पान उलटलं आणि खिडकीपाशी गेले. पेन्सिलचं पुसट अक्षर उजेडात धरलं.

"दिनू, हे मागचं कोणी लिहिलंय माहीत आहे तुला?"

"नाही. काय आहे?"

"खाली बस आधी."

त्यांनी वाचलं. मी त्यांना चार वेळा वाचायला लावलं, आता मला पाठ झालंय. तुझ्यासाठी होतं ते, म्हणून जसंच्या तसं लिहितो.

"मी बुरोंडीची, आता रत्नागिरीत भावाकडे असते. माझे मालक बोटीवर गेले ते आले नाहीत. मिळाले पण नाहीत. लोक म्हणतात रडून मोकळी हो. मला रडू येत नव्हते. या पुस्तकात मालती मोहनला विचारते, जेवलास का, तिथे पहिल्यांदा आले. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, तरी तो भाग तीन वेळा वाचला. लेखिकाबाईंना विचारायचे आहे, शेवटी मालती त्याच्याबरोबर जाते की राहते? पुस्तकात कळत नाही. मला कळायला पाहिजे. मलाही कधी कधी जावेसे वाटते. कृपया इथेच खाली लिहावे. मी दर शनिवारी बघेन. सभासद नंबर ११२."

आक्का, अशी वाचक तुला मिळाली होती! आणि तिचं पान मी पासपोर्टात घालून दोन वर्षं फिरतोय. तुला वाटलं कोणीतरी रागाने फाडलं. तिला काय वाटलं असेल? दर शनिवारी येऊन तिने काय बघितलं असेल? फाटलेली कड!

दोन वर्षं! ती बाई नवऱ्यामागे गेली असेल तर? सलीमभाईंनी फोनचं कार्ड हातात दिलं आणि म्हणाले, "विचार करत बसू नको, पानाच्या शिक्क्यावर नंबर आहे, वाचनालयाला लाव."

काकांना आधी ओळख पटेना. मग म्हणाले, "अरे, तू आमच्या लेखिकेचा भाऊ! बोल."

"काका, एकशेबारा नंबर... ती बाई येते का अजून?"

रजिस्टरची पानं उलटल्याचा आवाज आला.

"येते की. गेल्या आठवड्यात येऊन गेली. तुझ्या आक्काचं पुस्तक अजून नेते अधूनमधून. फार कमी बोलते बाई. का रे?"

मी तिथेच भिंतीला टेकलो. सलीमभाईंनी पाठीवर हात ठेवला.

तुला आठवतं, मी पहिल्यांदा शारजाला निघालो तेव्हा हातखंब्याला तू सोडायला आली होतीस? मुंबईची गाडी उशिरा होती. मी सहज विचारलं होतं, "मालती शेवटी गेली की राहिली गं?" तू म्हणालीस, "राहिली. रोज दुपारी त्याच्याशी बोलायची आणि संध्याकाळी शटर पूर्ण वर करून जिवंत गिऱ्हाइकं घ्यायची. हे लिहायला पाहिजे होतं का रे?" मी म्हटलं, "नको, लोकांना कळतं." मला काय अक्कल होती?

मी काकांना म्हटलं, "तिला निरोप द्या. लेखिकेने सांगितलंय, मालती राहिली. रोज दुपारी त्याच्याशी बोलायची, संध्याकाळी शटर वर करायची."

काका हळूहळू लिहून घेत होते. "कोणी सांगितलं म्हणून सांगू?"

"लेखिकेच्या भावाने. आणि पान त्यानेच फाडलं, तेही लिहा."

काका म्हणाले, "लिहिलं."

मे महिन्यात माझी सुट्टी आहे. मी रत्नागिरीला जाईन, शनिवारी वाचनालयात जाऊन त्या ताईंसमोर उभा राहीन. रागावल्या तर ऐकून घेईन. त्या तुझ्याबद्दल विचारतील, तेव्हा वचन देतो, एक शब्द खोटा बोलणार नाही. लेखिका कोणी मोठी बाई नव्हती, बालवाडीत पोरांची नाकं पुसायची, हे सांगेन. कावीळ होऊन गेली, हेही सांगेन. आणि ती रागावून गप्प बसली नव्हती, तिला तुमचा प्रश्न पोचलाच नाही, हे सांगेन. पोचला असता तर ती पुढची एसटी पकडून आली असती. दर शनिवारी ती तुमचीच वाट बघत होती.

तुझाच,
दिनू