मोतीराम हिल

नाशिक
दि. ६ जानेवारी २०२५

ती. यशोदाताईस,
धाकट्या दीपकचा सा. न. वि. वि.

तुमच्या वस्तीवर फोनला रेंज नाही, म्हणून कागद काढला. पण ताई, हे रेंज नसणंच आमच्यासाठी पर्वणी आहे. तुला माहीतच आहे, आम्ही हौशी रेडिओवाले, गच्चीवर तार बांधून दूरदेशीच्या अनोळखी लोकांशी बोलणारे. महिनाअखेरीस आमची स्पर्धा आहे. दोन दिवसांत ज्याचं जास्त केंद्रांशी बोलणं होईल तो जिंकला. नाशकात मिक्सर, मोटारी आणि दिव्यांची इतकी खरखर असते की जपान बोलतंय की शेजारची चटणी वाटली जातेय ते कळत नाही. तुमच्या घरामागची दाजींची टेकडी मिळाली तर आम्ही मित्र तिथे तंबू ठोकू.

दाजींना तूच विचार. मी विचारलं तर टेकडीची सावलीसुद्धा मिळायची नाही. आमच्या हर्षालीचं लग्न एप्रिलात धरलंय, हेही हळूच कानावर घाल. लेकीच्या मांडवात तुम्ही दोघं नसाल तर मला घास गोड लागणार नाही.

शनिवारी, २५ तारखेला जेवणाच्या वेळेपर्यंत पोहोचू. ७३.

लोभ आहे, त्यात टेकडीची भर पडावी.

तुझा,
दीपक

जांभुळपाडे, ता. कळवण
दि. १५ जानेवारी

चि. दीपक यास,
ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी मला घाम फुटला. तुमचा छत्तीसचा आकडा ठाऊक असूनही मी यांना विचारलं. आपल्या चुलतभावाच्या, महेशच्या लग्नात माईक तुझ्या हातात होता. तू सरपंचांपासून मांडववाल्यापर्यंत सगळ्यांची नावं पुकारून फेटे बांधवलेस आणि नेमका घरचा जावई विसरलास. अजून कुणाच्या लग्नाचा विषय निघाला की यांचा हात आपोआप डोक्याकडे जातो. हर्षालीच्या मांडवात पाय ठेवणार नाही म्हणतात. यांना घरी बसवून मी एकटी आले तर लोक मलाच चार गोष्टी विचारतील. त्या पोरीला मी अंगाखांद्यावर खेळवलंय रे. विचार करून रडू येतं.

पण त्र्याहत्तर माणसं येणार हे वाचल्यावर यांचा नूरच पालटला. म्हणाले, मेहुण्याशी वैर आहे, त्याच्या पाहुण्यांशी नाही. माझ्या दारातून एवढी माणसं उपाशी गेली तर गाव काय म्हणेल. गोटीराम आचाऱ्याला सांगून झालंय. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांची भाजी. शाळेतून मोठी पातेली आणलीत. एवढी माणसं टेकडीवर झोपवणार कुठे, ते तुझं तू बघ.

एक विचारते, राग मानू नकोस. एवढे सगळे रेडिओवाले एकाच ठिकाणी जमणार, तर समोरासमोर बसूनच का नाही बोलत?

जपून ये. लोभ तर तुझ्या पाळण्यापासूनचा आहे.

तुझी,
ताई

नाशिक
दि. २८ जानेवारी

ती. ताईस,
अपराधी दीपकचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल परतल्यावर दाराच्या फटीत सापडलं. उत्तर नाही म्हणजे नकार नाही, असं धरून आम्ही निघालो होतो. ताई, ७३ म्हणजे माणसं नव्हेत. तू पत्रात आशीर्वाद लिहितेस तसं आम्ही रेडिओवाले शेवटी ७३ म्हणतो. शुभेच्छा, एवढाच त्याचा अर्थ.

जीपमधून मी, वाइंडिंगवाले मुस्तकीमभाई, पॉलिटेक्निकच्या अरफा मॅडम आणि निफाडचा संतोष असे चौघेच उतरलो. दाजी बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, फेटा नाही तो नाहीच, वर गावासमोर हसं केलं. पुढचं तू पाहिलंसच. अख्ख्या गावाला बोलावून तू पंगत उठवलीस. मुस्तकीमभाई अजून त्या बट्ट्यांचं नाव काढतात.

तू वाढत होतीस तेव्हा टेकडीवर काय झालं, ते तुला कळलेलं नाही. दुपारी दाजी वर आले ते गाशा गुंडाळा म्हणायलाच. बोट उगारलेलंच होतं. माझ्या हातात माईक, तिकडे जपानचा एक माणूस आमचं ठिकाण विचारतोय. दाजींकडे बघत मी जपानला सांगितलं की मी मोतीराम हिलवरून बोलतोय. त्याला नाव कळेना. आमच्यात अक्षर नीट पोहोचावं म्हणून एकेका इंग्रजी अक्षराला ठरलेला शब्द असतो. मी ओरडून सांगितलं: माईक, ऑस्कर, टँगो, इंडिया, रोमिओ, अल्फा, माईक. पलीकडून स्वच्छ आवाज आला, थँक यू, मोतीराम-सान. त्यांचं सान म्हणजे आपलं राव.

दाजींचं बोट तसंच राहिलं. मग ते बॅटरीच्या खोक्यावर बसले आणि पुन्हा सांगा म्हणाले.

त्यानंतर जो भेटेल त्याला मी दाजींचं नाव सांगत सुटलो. अरफा मॅडम खुणा करून थकल्या, कारण या स्पर्धेत दोन शब्दांत आटपायचं असतं. आमचा नंबर बहुधा खालून पहिला येईल. मला त्याचं काही वाटत नाही. पण दाजी खाली उतरले तरी लग्नाचं विचारायची माझी छाती झाली नाही. तूच काय ते कळव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दीपक

जांभुळपाडे
दि. ५ फेब्रुवारी

रा. रा. दीपकराव यांस,
मोतीराम यांचा रामराम, वि. वि.

तुमचे पत्र यशोदेने मोठ्याने वाचून दाखवले. त्र्याहत्तरचा खुलासा समजला. गावाला मात्र तो सांगू नये. पुढची पंगत कधी, असे लोक विचारतात आणि मला ते आवडते.

एक तक्रार आहे. माझ्या नावात रोमिओ कशाला घातला? शाळेतल्या मास्तरांना विचारले तर म्हणाले, बरोबर आहे. तेव्हापासून तुमची बहीण मला त्याच नावाने हाक मारते आणि हसते. दोन भाकरी करपल्या.

मास्तरांनी सगळे नाव कागदावर मांडून दाखवले. सुरुवातीला माईक, शेवटीही माईक. तेव्हा हर्षालीच्या लग्नात माईक माझ्याकडे राहील, हे व्याह्यांना आत्ताच कळवा. आम्ही दोघे दोन दिवस आधी येतो. फेट्यांची नावे मी पुकारणार. पहिले तुमचे घेईन. लेकीच्या बापाला त्या दिवशी धड ऐकू येत नाही, म्हणून दोनदा घेईन.

कळावे. लोभ धरावा, आम्हीही धरला आहे.

आपला,
मोतीराम