झाकल्या पेठेतली शटरं

३ जून, सांगली
आज दुकान उघडलं! पिको-फॉल आणि ब्लाउज. दहिवडीहून आलेल्या मला या झाकल्या पेठेचं फार अप्रूप. वर जुनं काचेचं छप्पर, खाली समोरासमोर तीस दुकानं. डावीकडे रहीमचाचांचं अत्तर, उजवीकडे गुंडाअण्णांची बटणं (अण्णा कन्नडमधून मोजतात), समोर सुलाबाईंच्या बांगड्या. माणसं हसरी, पण चहाला कुणी विचारत नाही. मी मागवला तर कुणी कपाला हातही लावला नाही. असो. दुकान चाललं की मिलिंद मुंबईची नोकरी सोडून येणार. लग्नाला सहा वर्षं झाली, संसार केला तो फक्त सणासुदीला.

११ जून
सकाळी शटर अर्ध्यावर अडकलं. बघते तर सगळ्यांचीच अडकलेली, जो तो वाकून आत शिरतोय. एकट्या रहीमचाचांचं सरसर वर गेलं. मग दुकानादुकानातून त्यांना चहा आला. म्हटलं, आज सूर्य पश्चिमेला उगवला.
बाराच्या आत चाचा बसल्या जागी गेले.

१२ जून
सुलाबाईंना विचारलं. म्हणाल्या, अशा दिवशी ज्याच्या हातानं शटर पूर्ण वर जातं, तो बारा बघत नाही. दुकान कुणाचं का असंना. एकजण पळाला, तो एस.टी.त गेला. आता कुणी सांगत नाही, चहा तेवढा देतात. "सांगून काय करायचं, पोरी? च्या तरी ग्वाड लागू दे."

१९ जून
पुन्हा सगळी अर्धी. गुंडाअण्णांचं वर. मीही चहा पाठवला, साखर जास्त घालून. रोजचंच काम असल्यासारखा. त्याचीच भीती वाटली.

२० जून
दुकानात गेले नाही. मिलिंदला फोनवर सांगितलं, ताप आहे. खरं सांगितलं तर तो हसेल, किंवा —

२३ जून
घरीच. किल्ली खिळ्याला. बघत बसते.

२४ जून
उठले तर किल्ली नाही. दारात मिलिंदची बॅग, वर चिठ्ठी. नोकरी सोडली, तू झोप, दुकान मी उघडतो.

धावत आले. सगळी अर्धी. आमचं —

मिलिंद मशीनशी बसलाय. म्हणतोय, ह्यांची शटरं गंजलीत वाटतं, आपलं बोटानं वर गेलं. आणि माणसं लय चांगली हायती, चौघांनी चहा पाठवला.

अकरा चाळीस. सांगितलं नाही. शेजारी बसून लिहितेय. रडू येत नाही.

सुलाबाईंनी पाचवा कप आणला. माझ्याकडे बघितलं नाही.

अकरा त्रेपन्न. त्यानं कप अर्धा माझ्यासाठी ठेवलाय. म्हणतोय, आता रोज सकाळी आपण दोघं