पंपाचे दुकान आणि माझे हृदय यांची व्यवस्था

मी खाली सही करणारी, पंपदुरुस्तीच्या दुकानाची मालकीण, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी भरीस घातले नसताना, माझ्यामागे काय कोणाचे ते लिहून ठेवते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हणाले तर ते खोटे समजावे.

१. राहते घर आणि खालचे दुकान माझ्या एकुलत्या एका मुलीचे. हत्यारे दुकानातल्या कारागिराची. पान्यांना गंज चढू दिला तर मात्र मुलीने ती काढून घ्यावीत.

२. धाकट्या दिरांना काहीही नाही. कारण लिहिते. यजमान गेले तेव्हा मुलगी रांगत होती. पुढे तिच्या हृदयात दोष निघाला. दीर म्हणाले, "वहिनी, पोरीची चिरफाड करू नका. सही केलीत तर या घरात मी पाऊल ठेवणार नाही."

मी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरबाईंना सांगितले, "समजल्याशिवाय सही करणार नाही."

त्यांनी मला त्यांच्या मेडिकल कॉलेजात नेले, बरणीतले खरे हृदय ताटात काढले आणि उघडून दाखवले. वर दोन कप्पे, खाली दोन. खालच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड, कारण तिला रक्त अंगभर ढकलायचे. उजव्याची पातळ, तिला फुप्फुसांपर्यंतच. वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या झडपा उलटू नयेत म्हणून बारीक दोऱ्यांनी खालून धरलेल्या.

"म्हणजे हा पंपच," मी म्हटले.

"एक नाही, दोन. मधे पडदा. तुमच्या मुलीच्या पडद्याला भोक आहे."

मी त्या पडद्यावरून बोट फिरवले, टाके कुठे पडणार ते विचारले, हात धुतले आणि सही केली. दिरांनी शब्द पाळला.

३. सोन्याच्या बांगड्या जाऊबाईंना. ऑपरेशनच्या दिवशी त्या नवऱ्याला न सांगता माझ्याजवळ येऊन बसल्या. बांगड्या त्यांच्याच हातात द्याव्यात, दिरांच्या नव्हे.

४. माझा देह त्याच कॉलेजला. हृदय विद्यार्थ्यांनी स्वतः उघडावे, नुसते लांबून पाहू नये. मुलीचा याला विरोध आहे. "आई, तुला चिरायला मी देणार नाही," म्हणाली.

मी म्हटले, "ज्यांचं हृदय मी हातात घेतलं, त्यांच्या घरीही कुणी असंच म्हणालं असेल."

ती उठून गेली. तरीही हे कलम बदलणार नाही. ती चिडेल, रडेल. चिडायला आणि रडायला ती आहे, एवढ्यासाठीच मी तेव्हा सही केली होती.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार, माझ्या आणि एकमेकांच्या समोर सही केलेले:
(सही) शेजारचे घड्याळजी
(सही) समोरच्या शाळेतल्या बाई

ठिकाण: दुकानावरची खोली
दिनांक: आजचा, सहीखाली माझ्या हाताने घातलेला