दादासाठी करण्यासारखं काही

ता. ९ फेब्रुवारी
ति. ताईस,
सा. न. वि. वि.

अण्णांचा खोकला उतरला हे वाचून बरं वाटलं. म्हणजे वाटायला हवं होतं. दादा गेल्यापासून मला कशाचंच काही वाटत नाही. दुकानात चष्म्याच्या काचा घासते, फ्रेममध्ये बसवते, गिऱ्हाइकाच्या नाकावर नीट टेकल्या की पुढचा चष्मा घेते. काल एक आजोबा आरशात बघून हसले, मी हसायचं विसरले.

आता बसून वाच. मी कॅथलिक व्हायचं ठरवलंय. दुकानात माझ्या शेजारी बसणाऱ्या बाई दर महिन्याला आपल्या आईच्या नावाने चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, ठेवतात. सहज म्हणाल्या, की आई जाऊन वर्षं झाली तरी तिच्यासाठी काहीतरी करता येतं. आपल्या प्रोटेस्टंटांत गेलेल्यासाठी प्रार्थना नाही. तो देवाच्या हाती गेला, विषय संपला. अण्णांनी पाळक म्हणून दादाला मूठमाती दिली, चार वाक्यं बोलले आणि घरी येऊन चहा मागितला. ताई, मला दादासाठी काहीतरी करायचंय.

अण्णांना तूच सांग, माझी छाती होत नाही. हे वाचूनही लोभ उरला तर कळव.
तुझी,
छोटी

ता. १७ फेब्रुवारी
चि. छोटीस,
अ. उ. आ.

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला बरी मी सापडले! सांगितलं. अण्णा दाढी करत होते. अर्धी तशीच ठेवून गॅलरीत जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, की जन्मभर लोकांच्या पोरी चर्चच्या मंडळीत टिकवल्या आणि स्वतःची निघाली. दिव्याखाली अंधार. त्यानंतर तुझं नाव नाही. जेवतात, औषध घेतात.

मलाही राग आलाय. दादा माझाही भाऊ होता. मी काय करते? त्याच्या शर्टांच्या घड्या घालून ठेवल्यात, बस्स. जेवत जा. रागावले असले तरी आहे मी.
तुझी,
ताई

ता. २२ मे
ति. ताईस,
सा. न. वि. वि.

फादरांनी हार घेऊन स्वागत केलं असेल असं तुला वाटत असेल, तर ऐक. त्यांनी मला थांबवलं. मेलेल्या माणसासाठी म्हणून येऊ नकोस, जिवंत आहेस तोवर राहायला येणार असशील तर ये, असं म्हणाले. आत काहीच हलत नाही असं मी सांगितलं, तर न हलता ये म्हणाले. तेव्हापासून दर गुरुवारी सिस्टरांकडे शिकायला बसते.

आता नवीनच अडलंय. मला वाटत होतं माझा पुन्हा बाप्तिस्मा करतील. पण आपलाच त्यांना चालतो, एकदा झाला तो झाला. फक्त तो पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा या तिन्ही नावांनी झाला, हे कुणीतरी सांगायला हवं. आपल्या देवळातले कागद तर छप्पर गळलं तेव्हाच भिजून गेले. अण्णांना फोन केला. माझा आवाज ऐकला आणि ठेवून दिला.

तू तेव्हा आठ वर्षांची होतीस. तिथल्या फादरांकडे जाऊन सांगशील? नाहीतर मी ना इकडची ना तिकडची. नाही म्हणालीस तरी पत्र मात्र टाक.
तुझी,
छोटी

ता. ६ जून
चि. छोटीस,
अ. उ. आ.

जाऊन आले. टॉवेल मीच धरला होता, पाणी गार होतं, तू देऊळ डोक्यावर घेतलंस, दादा फिदीफिदी हसला म्हणून आईने त्याला चिमटा काढला, सगळं सांगितलं.

चोरून जाणं मला जमत नाही, म्हणून निघताना अण्णांच्या कानावर घातलं. मी चपला घातल्यावर मागून म्हणाले, की अर्धवट सांगू नकोस; पाणी नुसतं शिंपडलं नव्हतं, तीनदा ओतलं होतं. आपल्या कामात खोट निघालेली त्यांना सोसणार नाही!

पण तू कॅथलिक होशील त्या दिवशी ते येणार नाहीत. त्यांना एकटं सोडून मीही येत नाही. वाट बघू नकोस. आशीर्वाद मात्र माझ्याकडून आहेच.
तुझी,
ताई

ता. १९ ऑक्टोबर
ति. ताईस,
सा. न. वि. वि.

काल झालं. आदल्या दिवशी पापं सांगितली, वाणसामान सांगावं तशी. काल दुकानातल्या बाईंनी धर्ममाता म्हणून खांद्यावर हात ठेवला, फादरांनी कपाळाला तेल लावलं. मला काही वाटलं नाही. तेल कोमट होतं, एवढंच.

मग प्रभूची प्रार्थना आली. ती आपण एका दमात म्हणतो. इथे शेवटची राज्य-सामर्थ्य-गौरवाची ओळ लगेच म्हणत नाहीत; सगळे थांबतात, फादर आपलं काही बोलतात, मग ती येते. तर सगळे थांबले, आणि अगदी मागून एकच आवाज पुढे चालू राहिला. व्यासपीठावरून बोलायची सवय असलेला, खणखणीत. माना वळल्या. मी वळले नाही. ताई, तो आवाज मी ओळखणार नाही होय? माझेही ओठ त्याच्याबरोबर चालू राहिले, थेट आमेनपर्यंत. आणि मी रडले. दादाच्या वेळी आलं नव्हतं ते सगळं आलं.

बाहेर येऊन पाहिलं तर मागचा बाक रिकामा होता. अण्णा तुलाही सांगून निघाले नसतील. नीट पोचले का?

येत्या रविवारी सकाळी दादाच्या नावाने मिस्सा आहे. अण्णांना सांगू नकोस, असं आधी लिहिलं होतं, ते खोडलंय. सांग. दोघांची जागा धरून ठेवते.
तुमचीच,
छोटी