चटणीच्या पाकिटावरील चित्राची माझी तक्रार मागे घेणेबाबत

प्रति,
मा. समन्वय अधिकारी साहेब,
महिला बचत गट विक्री प्रदर्शन कार्यालय,
कोल्हापूर.

अर्जदार : झुंबरबाई हंबीरराव इंगवले, वय ६९, अध्यक्षा, रणरागिणी महिला बचत गट, मंगळवार पेठ.

विषय : कुरुंदवाडच्या गौराबाईंचा बंद केलेला स्टॉल उद्याच उघडणेबाबत.

संदर्भ : माझाच दि. २ डिसेंबरचा तक्रार अर्ज. (तो चुकीचा हाय.)

महोदय,

मागचा अर्ज नातीनं टाइप करून दिलता. हा मी हातानं लिहिलाय. शाळा चौथीत सुटली, तेव्हा अक्षराला हसू नये. हसायचंच असलं तर खालच्या मजकुराला हसावं.

१) आमच्या कांदा-लसूण चटणीच्या पाकिटावर मिरची कांडणाऱ्या बाईचं चित्र आहे. ते एका जुन्या गोष्टीच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून घेतलं. ती बाई म्हणजे माझ्या सासूबाई धोंडुबाई. चन्नवीर पेंटर चार दिवस आमच्या परड्यात चित्र काढत होते आणि सासूबाई मुसळ धरून उभ्या राहत होत्या. पेंटर लिंगायत, म्हणून चार दिवस घरात मटण शिजलं नाही. तेव्हा माणूस आमचं, जेवण आमचं, म्हणून चित्रही आमचंच, असा आमच्या घराचा समज. पन्नास वर्षांत तो कुणी तपासला नाही.

२) गौराबाई ही त्या पेंटरांची सून. तिनं तेच चित्र शेंगा चटणीच्या पाकिटावर छापलं. प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी मी माइक हातात घेऊन तिला चोर म्हटलं. ती हळूच म्हणाली, "अक्का, हे माझ्या मामंजींनी काढलंय." मी म्हटलं, "काढलं असंल की, पण उभी कोण राहिली? आमची सासू." बायका हसल्या. मला बरं वाटलं. आपणही एक कागद न मागता, माझा आवाज ऐकून तिचा स्टॉल बंद केलात. ते आपलं आपण बघावं.

३) नात संयोगिता वकिली शिकते. तिनं सांगितलं की हक्क काढणाऱ्याचा असतो, उभं राहणाऱ्याचा नाही. काढणारा वारला तरी पुढं साठ वर्षं तो वारसांकडं राहतो. पेंटर १९९८ ला वारले. पुस्तक जुनं झालं म्हणून चित्र मोकळं होत नाही. मी म्हटलं, मग पुस्तक छापणाऱ्याचं असंल, आणि तिला घेऊन कुरुंदवाडला गेले. खरं सांगायचं तर भांडायलाच गेलते. गौराबाईनं आधी चहा दिला. मग छापणाऱ्याची चिठ्ठी दाखवली. चित्र त्या एका पुस्तकापुरतंच घेतलंय, असं तीत लिहिलेलं. मग मूळ चित्र आणलं. त्याच्या पाठीवर पेंटरांच्या हातचं होतं : "सौ. धोंडुबाई इंगवले, मंगळवार पेठ. घरचं काम सोडून चार दिवस उभ्या राहिल्या."

४) आता लिहिते ते नातीलाही माहीत नाही. पुस्तकावरच्या चित्रात खाली कोपऱ्यात पेंटरांचं नाव होतं. आमची पाकिटं छापणाऱ्या प्रेसवाल्यानं मला विचारलं, हे ठेवायचं का? मी म्हटलं, चटणी आम्ही करायची आणि नाव ह्याचं कशाला, पूस. पेंटरांनी आमच्या माणसाचं नाव लिहून ठेवलं, मी त्यांचं पुसायला लावलं. मला कळलं नाही असं म्हणायची सोय नाही. नाव वाचण्याइतकं मला येतं.

५) तरी विनंती की, प्रदर्शनाचे सहाच दिवस राहिलेत, गौराबाईचा स्टॉल उघडावा आणि दारासमोरची माझी जागा तिला द्यावी. माझ्या गटातल्या अकरा बायकांचा यात दोष नाही, त्यांना चटणी साध्या पिशवीत विकू द्यावी. गौराबाई म्हणाली, "अक्का, मामंजींचं नाव छापा आणि चित्र वापरा." पण माझी तक्रार तशीच असताना तिच्याकडून परवानगी घ्यायला मला तोंड नाही.

उद्घाटनाला माझा सत्कार झाला, ती शाल परत करते. नारळ त्याच दिवशी वाटणात गेला, त्याला इलाज नाही.

शेवटचं. चोर हा शब्द मी माइकवर बोलले. हा अर्जही त्याच माइकवर, गर्दीच्या वेळेला वाचावा. चौथा मुद्दा गाळू नये. तोवर मी गौराबाईच्या स्टॉलसमोर थांबेन. घरची माणसं मला न्यायला येतील, त्यांना आत सोडू नये.

आपली चुकलेली अर्जदार,
झुंबरबाई हंबीरराव इंगवले
दि. ९ डिसेंबर २०२४

सोबत :
१. शाल, एक.
२. ते पुस्तक. मला परत करू नये, गौराबाईंना द्यावे.
३. चित्राची उरलेली पाकिटं, एक पोतं.