बिरूने दाजीला का धरले

सोमवार, १२ जानेवारी १९५३. परभणी
पत्नी सुमती वारल्यापासून प्रथमच अशील घरी आले. चहा कोणी करावा हे न सुचून पाणीच दिले. झरीची गयाबाई. त्यांच्या मेंढ्या शेतात शिरल्याच्या तंट्यात तिचा नवरा सखाराम शेतमालक खंडूच्या कुऱ्हाडीने मेला. त्या क्षणी तिच्या भावाने, बिरूने, सखारामला मागून धरले होते. म्हणून खालच्या कोर्टाने बिरूसही खुनात शरीक ठरवून जन्मठेप दिली. साक्ष हिचीच.
"बाई, तुमच्याच साक्षीवर तो आत गेला, आणि अपील तुम्हीच करणार?"
"धरलं का म्हनले, मी म्हनलं, धरलं. का धरलं ते कुनी इचारलंच न्हाई, साहेब."

गुरुवार, १५ जाने.
निकालाच्या व साक्षींच्या नकला वाचल्या. खालच्या कोर्टाचा तर्क सरळ: सोडवायचे होते तर कुऱ्हाडवाल्यास धरावयाचे, रिकाम्या हाताच्या माणसास धरले, अर्थात् मारेकऱ्यास साह्य. गयाबाईस हे सांगितले, तर किंचित हसली. "भांडनात आपल्याच मानसाला धरतेत. परक्याच्या अंगाला हात लावला की दुसरं भांडन." खरे आहे. आमच्या गल्लीतही हेच पाहिले आहे. परंतु हे कागदावर नाही, आणि अपील कागदावरच चालते.

रविवार, १ फेब्रु.
अपिलाचे मुद्दे लिहावयास बसलो. झाले नाहीत. शेवटच्या आजारात डॉ. सुई टोचीत, तेव्हा सुमतीचे हात मी धरून ठेवीत असे. एकदा म्हणाली, "तुम्हीही त्यांच्यातलेच." डॉ. घाईत होते. मग तिला उत्तर देणे राहूनच…

मंगळवार, १० मार्च. हैदराबाद
सुनावणी झाली. न्यायमूर्तींनी तोच प्रश्न केला, कुऱ्हाडवाल्यास का धरले नाही. मी म्हटले, नाते पुराव्यात आहे; तंट्यात माणूस आपल्या माणसालाच आवरतो, हा लोकव्यवहार न्यायालयाने ध्यानी घ्यावा. न्यायमूर्तींनी मान डोलावली. नंतर सरकारी वकिलांनी, मेंढ्यांच्या वाटणीवरून दाजी-मेहुण्यांत आधी कुरबूर होती, हे साक्षीतून वाचून दाखविले. तीही गयाबाईचीच साक्ष. निकाल राखून ठेवला.

गुरुवार, १२ मार्च. परभणी
गयाबाई ओसरीवर बसून होती. सर्व सांगितले, वाटणीचेही.
"व्हती की कुरबूर. घरातलीच." मग, "सुटला तर माझ्याच घरी यील. भाकर मीच वाढीन. पर साहेब, त्यानं आवरायलाच धरलं ना? तुमाला काय वाटतंय?"
"मी त्याचा वकील आहे, बाई."
"ते ठावं हाय. मी तुमाला इचारायले."
मी आत जाऊन पाणी आणून दिले. ती पदर सावरून उठली. उद्या पुन्हा येते म्हणाली.