त्यांच्याच पुस्तकातले शब्द

४ मार्च, सकाळी ६.१०

आजपासून शिस्त. यांना स्ट्रोक येऊन अडतीस दिवस झाले. उजवा हात, उजवा पाय बधिर. बोलणं बंद. डॉक्टर म्हणाले, वाचा गेलेली नाही, शब्द सापडत नाहीत. मी म्हटलं, सापडत नसतील तर शोधले पाहिजेत. बत्तीस वर्षं मुलींचं वसतिगृह चालवलं. हरवलेली वस्तू सापडली नाही असं एकदाही झालं नाही. एक घड्याळ सोडून.

४ मार्च, संध्याकाळी

स्पीच थेरपिस्ट येऊन गेली. मुलगी चांगली आहे, पण फार हसते. चित्रांचे पत्ते दाखवते. कप. खुर्ची. चावी. माकड. अठरा वर्षं सैन्यात काढलेल्या माणसाला माकड! यांनी आधी पत्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

जाताना म्हणाली, काकू, त्यांच्या ओळखीच्या शब्दांपासून सुरुवात करू या. मुद्दा पटला. एवढं शिकलेल्या मुलीला मात्र हे सुचलं नाही की या घरात यांनी लिहिलेलं एक अख्खं पुस्तक आहे.

५ मार्च

यांच्या युद्धाच्या आठवणी. पानं २१६. बारा वर्षांपूर्वी छापल्या. तीनशे प्रती काढल्या होत्या, एकशे दहा अजून कपाटावर आहेत. माणसाला स्वतःच्या पुस्तकापेक्षा ओळखीचे शब्द कुठे मिळणार? (भाषा मी तपासून दिली होती. बी.ए.ला भाषा विषयात मी कॉलेजात पहिली. पण पुस्तक यांचंच.)

अवघड शब्दांची यादी केली. ६४० भरले. यांच्या सैन्यातल्या मित्रांचा वार्षिक मेळावा २१ एप्रिलला. म्हणजे सत्तेचाळीस दिवस. रोज चौदा शब्द घेतले तर एक दिवस उजळणीला उरतो.

मेळाव्याच्या सेक्रेटरींना फोन केला. दरवर्षी हे तिथे पान ११२ वाचून दाखवतात. यंदाही वाचतील म्हणून सांगितलं. ते म्हणाले, वहिनी, अहो घाई कशाला, नुसते येऊन बसले तरी आम्हाला खूप आहे. मी म्हटलं, कार्यक्रमपत्रिकेत लिहा.

६ मार्च

७.०० घंटा. ७.०५ ते ७.५० शब्द. ११.०० उजळणी. ५.०० परीक्षा. तक्ता फ्रिजवर लावला.

आजचे शब्द: रणभूमी, शौर्य, अविचल, तोफखाना, कर्तव्यनिष्ठा आणि इतर नऊ. प्रत्येक शब्द पाच वेळा म्हटला. यांनी खिडकीतून पार्किंगकडे पाहिलं.

गुण: ०. पहिला दिवस.

८ मार्च

‘शौर्य’ला तोंड उघडलं. जांभई होती. अर्धा गुण दिला.

११ मार्च

पहिला शब्द! वॉकरचं चाक डाव्या पायाच्या अंगठ्यावरून गेलं आणि यांनी एक शब्द उच्चारला. आवाज, ठसका, सगळं पूर्वीसारखं. शब्द इथे लिहिण्यासारखा नाही. यादीत नाही, त्यामुळे मोजला नाही.

थेरपिस्टला सांगितल्यावर तिने टाळ्या वाजवल्या. काकू, हे फार चांगलं लक्षण आहे, म्हणाली. वसतिगृहात या लक्षणाला महिनाभर बाहेर जाणं बंद होतं.

१५ मार्च

मुलीचा फोन. ती दुसऱ्या शहरात असते आणि तिथून सल्ले देते. म्हणाली, आई, बाबांना काय हवंय ते विचारलंस का? मी म्हटलं, विचारून उपयोग काय, सांगता येत नाही म्हणून तर शिकवतेय. ती म्हणाली, आई, होस्टेल सुटलं गं तुझं, बाबांना तरी सोड. मी म्हटलं, फोन यांच्या कानाला लावते. लावला. ती बराच वेळ काहीतरी बोलत होती. यांचा चेहरा हलला. फोनमुळे उजळणी अकरा मिनिटं उशिरा सुरू झाली.

१९ मार्च

हे ‘पाणी’ म्हणाले. थेरपिस्टला. मी स्वयंपाकघरात होते, मला ऐकू आलं नाही. बाहेर आले तर ती ग्लास घेऊन उभी आणि हे हसत होते, डाव्या बाजूने. मी म्हटलं, परत म्हणा. म्हणाले नाहीत.

पाया माझ्या रोजच्या चौदा शब्दांनी घातला, हे कुणी लक्षात घेणार नाही. असो. श्रेयासाठी मी काही करत नाही.

२४ मार्च

आज थेरपिस्टसमोर आणखी एक शब्द. ‘बेडक्या’. तीनदा. तिने विचारलं, काकू, बेडक्या कोण? मी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत पाहिलं. असा शब्द कुठेही नाही. ती म्हणाली, पुस्तकात नसेल, पण ते म्हणतायत ना, आणि किती स्पष्ट! मी म्हटलं, अभ्यासक्रमाबाहेरचा आहे.

(नंतर आठवलं. यांच्या तुकडीत या नावाचा कुणी होता. आवाज घोगरा, म्हणून हे नाव. छापायच्या पुस्तकात टोपणनावं शोभत नाहीत. मी ‘आमचा एक सहकारी’ असं केलं होतं.)

२८ मार्च

यांच्या उजव्या हातावर चहा सांडला. गरम होता. हे तसेच खिडकीबाहेर बघत राहिले. मी ‘रसदपुरवठा’ शब्दावर होते. तो पाचव्यांदा म्हणून झाल्यावर माझं लक्ष गेलं. हात लाल झाला होता. मलम लावलं. यांना काही कळलं नाही. मलाही काही झालं नाही. उरलेले सहा शब्द संध्याकाळी घेतले.

२ एप्रिल

आढावा. दिवस अठ्ठावीस. शिकवलेले शब्द ३९२. आलेले शब्द: अजून दिसत नाहीत. ज्ञान आधी आत साठतं आणि मग एकदम बाहेर येतं. वसतिगृहातल्या कित्येक मुली वर्षभर काही बोलायच्या नाहीत आणि निरोप समारंभात भाषणं करायच्या. (माझ्याबद्दल कुणी बोललं नाही. पण भाषणं चांगली व्हायची.)

नवा निर्णय: ६४० शब्दांचा हट्ट नको. फक्त पान ११२. त्यात अवघड शब्द एकतीस. एकोणीस दिवस आहेत. हातचा मळ आहे.

९ एप्रिल

पान ११२ मोठ्या अक्षरात टाइप करून घेतलं. यांच्यासमोर ठेवते. हे डाव्या हाताने कागद पालथा करतात. मी सुलटा करते. आज अकरा वेळा. न बघता म्हणायचा प्रयत्न करत असावेत. पाठांतराची ही पद्धत मीही वापरायचे.

१२ एप्रिल

सेक्रेटरींचा फोन. वहिनी, तयारी कशी काय? म्हटलं, उत्तम. त्यांनी विचारलं, बोलतो का? मी म्हटलं, आशयापर्यंत पोचले आहेत, आता उच्चारांचाच काय तो प्रश्न आहे. ते म्हणाले, बरं बरं, खुर्ची पुढच्या रांगेत ठेवतो.

१६ एप्रिल

थेरपिस्टशी वाद. माझ्याकडून वाद नव्हता. तिने पान ११२ हातात घेतलं आणि मोठ्याने वाचलं: ‘प्रतिकूल परिस्थितीत आम्ही सामरिक माघार घेतली. आमच्या एका सहकाऱ्यास हौतात्म्य प्राप्त झाले. तथापि आमचे मनोधैर्य अविचल राहिले.’ मग म्हणाली, काकू, हे शब्द काका कधी वापरायचे का? जेवताना, चिडल्यावर, मित्रांशी गप्पा मारताना?

मी विचार केला. जेवताना हे ‘वाढ’ म्हणायचे. चिडल्यावर ११ मार्चचा शब्द.

मी म्हटलं, पुस्तकात आहेत. ती म्हणाली, पुस्तक कुणी लिहिलं? मी म्हटलं, यांनी. ती म्हणाली, आणि शब्द कुणाचे?

मी म्हटलं, तुझी वेळ झाली. अजून दहा मिनिटं होती.

१७ एप्रिल

दुसरी थेरपिस्ट शोधायची. मेळाव्यानंतर.

२० एप्रिल

रंगीत तालीम. यांना इस्त्रीचा शर्ट घातला, मेडल लावलं, उभं केलं. कागद दिला. चार मिनिटं मी थांबले. हे कागदाकडे नाही, माझ्याकडे बघत होते. डोळ्यांत पाणी होतं. डोळे हल्ली कोरडे पडतात, ड्रॉप्स घालते, त्याचं असेल. आत्मविश्वास पुरेसा आहे. उद्या प्रत्यक्ष लोक समोर असले की बोलतील.

२१ एप्रिल, दुपारी ३

मेळावा झाला. नीट लिहून ठेवते.

हॉलमध्ये चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या. यांना धरून तुकडीतले पाच जण आले. गेल्या वर्षी नऊ होते. त्यातल्या एकाला सगळे लंबू म्हणतात. आता तो वाकला आहे, काठी घेतो, तरी लंबूच. यांना बघून म्हणाला, काय रे म्हाताऱ्या, शेवटी बायकोने गप्प केलंच ना तुला! सगळे हसले. हेही हसले. मी कागद पुढे केला.

सेक्रेटरींनी नाव पुकारलं. यांना उभं केलं. यांनी कागद पाहिला, टेबलावर पालथा ठेवला. कुणीतरी खोकलं. सेक्रेटरी म्हणाले, राहू दे हो वहिनी. मी म्हटलं, सुरुवात करून दिली की येतं त्यांना. मी वाचायला लागले. आवाज माझा अजून खणखणीत आहे, माइक लागला नाही.

‘प्रतिकूल परिस्थितीत आम्ही सामरिक माघार घेतली.’

हे म्हणाले, पळालो.

मी थांबले. वाक्य पुन्हा वाचलं. हे पुन्हा म्हणाले, पळालो. स्पष्ट. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं असणार.

लंबू काठी टेकत उठला, यांच्याजवळ आला. म्हणाला, हो रे बाबा, पळालो. मी तर बंदूकसुद्धा टाकली होती.

हे म्हणाले, बेडक्या.

लंबू म्हणाला, मागे राहिला.

हे म्हणाले, हाका.

लंबूने यांचा उजवा हात धरला. त्या हाताला काही कळत नाही, डावा धरायला हवा होता, पण मी मध्ये बोलले नाही. म्हणाला, ऐकू येत होत्या मलाही. पूल ओलांडेपर्यंत येत होत्या. हे म्हणाले, हाका, हाका, हाका. लंबू म्हणाला, हो, हो, हो. दोघे म्हातारे रडत होते. बाकीचे तिघे खाली बघत होते.

पानावर अजून दोन वाक्यं होती. वाचली नाहीत.

एकोणचाळीस वर्षं संसार केला. या हाकांचं मला काही माहीत नव्हतं.

२२ एप्रिल

वरचं शेवटचं वाक्य बरोबर नाही. माहीत होतं.

यांनी पाच वह्यांमध्ये लिहून माझ्याकडे तपासायला दिलं होतं. पेन्सिलने, वाकड्यातिकड्या अक्षरात. त्या जागी अर्ध्या पानावर एकच वाक्य पुन्हा पुन्हा होतं: तो हाका मारत होता. मी मोजलं होतं. सोळा वेळा. पंधरा वेळचं खोडलं, समासात ‘पुनरुक्ती’ असा शेरा लिहिला. मग उरलेलं एक एकटंच विचित्र वाटायला लागलं, म्हणून तेही काढलं.

वही परत दिली तेव्हा हे ‘बरं’ म्हणाले होते.

आज घंटा वाजवली नाही. तरी सातला हे खुर्चीत येऊन बसले होते.

२४ एप्रिल, सकाळी ९

थेरपिस्टला बोलावून घेतलं. आली. मागचं काही बोलली नाही. तासभर दार लावून बसली यांच्याजवळ. बाहेर येऊन म्हणाली, काकू, काका ‘वही’ म्हणतायत. डाव्या हाताने लिहून दाखवतायत. त्यांची काही जुनी वही आहे का? त्यातले शब्द त्यांचे स्वतःचे असतील, त्यावर खूप काम करता येईल. माझ्याकडे बघून हसत होती, अगदी मनापासून.

मी म्हटलं, बघते.

२४ एप्रिल, दुपारी १

वह्या नाहीत. पुस्तक छापून आलं त्या आठवड्यात मी रद्दीत दिल्या. स्वच्छ छापील प्रत असताना खाडाखोडीची कशाला ठेवायची, असा विचार केला होता. यांना विचारलं नव्हतं.

यांना सांगितलं. कळलं. यांनी काही म्हटलं नाही. या वेळी शब्द न सापडल्यामुळे नाही.

मी म्हटलं, काळजी करू नका, माझी स्मरणशक्ती चांगली आहे, आठवून पुन्हा लिहून काढते. नवी वही घेतली. टेबलाशी बसले. हे समोर येऊन बसले.

मला सगळं आठवलं. पहिल्या वहीत ‘ग्राम्य’ चाळीसेक वेळा. ‘अनावश्यक’. ‘वाक्यरचना सदोष’. तिसऱ्या वहीत एका पूर्ण पानावर तिरकी रेघ, शेजारी ‘याची गरज आहे का?’ पाचवीच्या शेवटी ‘बरा प्रयत्न’. शाई लाल होती. माझं अक्षर कुठे बारीक झालं होतं तेसुद्धा आठवलं. पण कशाच्या शेजारी लिहिलं होतं, ते नाही.

साडेबारापर्यंत हे वहीकडे बघत बसले होते. मग मी उठून ताटं घेतली.